आधी ओसी, मग चावी
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यातील भाषण)



आपण इथे राहायला आलो तेव्हा घरोघरी वास्तुशांत झाली, पेढे वाटले. पण इमारतीला ओसी आहे का, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. पुढे सेक्रेटरी झालो आणि ती चूक नऊ वर्षं महापालिकेचे जिने चढून फेडली.

आता पुनर्विकासाची चर्चा सुरू आहे, म्हणून मुंबईत परवानगी कशी मिळते ते सांगतो. आर्किटेक्ट इमारत प्रस्ताव विभागात नकाशे दाखल करतो. छाननीनंतर १८८८ च्या महापालिका कायद्याच्या कलम ३४६ खाली आयओडी मिळते. नाव गमतीचं आहे, ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’. म्हणजे नापसंतीची सूचना! अर्थ असा, की या अटी पुऱ्या करा, तोवर आमची नापसंती. बिल्डर मात्र आयओडी आली की पेढे वाटतो.

अटी पुऱ्या झाल्या की १९६६ च्या नगररचना कायद्याखाली सीसी, म्हणजे काम सुरू करण्याचा दाखला. तोही सहसा आधी जोत्यापुरता. जोतं नकाशाबरहुकूम आहे हे तपासलं, की पुढच्या मजल्यांची सीसी. शेवटी अग्निशमन, लिफ्ट, पाणी, ड्रेनेज यांचे दाखले जोडून ओसी, म्हणजेच भोगवटा प्रमाणपत्र.

आपली ओसी का अडली? बिल्डरने पार्किंगची जागा बंदिस्त केली होती, हे खरं. पण आपल्यापैकी काहींनी विनापरवानगी गॅलऱ्या आत घेतल्या होत्या, हेही खरं. त्यात माझी गॅलरी होती. सेक्रेटरी म्हणून दुसऱ्यांना नोटीस काढण्याआधी मी ती भिंत पाडली. सौभाग्यवती दोन दिवस बोलल्या नाहीत. पण महिन्याभरात बाकीच्याही भिंती पडल्या, आणि एके दिवशी ओसी हातात आली.

म्हणून तरुण सभासदांना दोनच गोष्टी सांगतो. नोंदणीकृत करारनामा आणि आयओडी वाचल्याशिवाय राहतं घर रिकामं करू नका. आणि ओसी पाहिल्याशिवाय नव्या घराची चावी घेऊ नका. वास्तुशांतीचा मुहूर्त त्यानंतर काढा. मी जेवायला नक्की येईन!