जुळ्यांना घेऊन जर्मनीत

आज कर्ज-हप्त्याचं बोलायचं नाही असं ठरवून आलोय, पण ते मधे येणारच, त्याला इलाज नाही.

आमच्या गटातल्या एका ताईंची लेक २०२४ च्या सप्टेंबरात जर्मनीला गेली. जावई तिकडे कारखान्यात इलेक्ट्रिशियन, ते आठ महिने आधीच गेलेले. लेकीची दीड वर्षाची जुळी. मुलगा तेरा मिनिटांनी थोरला, मुलगी धाकटी. राहायचं स्टुटगार्ट शहराजवळ. आपल्या महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये कुशल कामगार पाठवायचा करार ज्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी केला, त्याची ही राजधानी. म्हणून हे नाव उद्या तुमच्याही घरात निघू शकतं.

पहिली अडचण तिकिटापाशीच आली. दोन वर्षांखालचं मूल विमानात मांडीवर घेता येतं, पण एका मोठ्या माणसाच्या मांडीवर एकच. दुसऱ्याला वेगळी सीट लागते. मग जावई रजा काढून न्यायला आले. आम्ही गटातर्फे दोन गोधड्या शिवून दिल्या. त्यावरून ताई आमच्यावर रागावल्या, म्हणाल्या, किलोकिलोचा हिशेब चाललाय, त्यापेक्षा चटणी-मसाला दिला असता तर! आम्हीही हट्टाने त्या बॅगेत कोंबल्या.

घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आत गेल्यावर लेक बघतच राहिली. स्वयंपाकघर म्हणून जी खोली होती तिच्यात ओटा नाही, शेगडी नाही, भांडी घासायचं सिंकसुद्धा नाही, नुसते भिंतीतून पाइप आलेले. तिकडे पुष्कळ भाड्याच्या घरांत असंच असतं, आधीचा भाडेकरू आपलं सगळं उचलून नेतो. अनामत म्हणून तीन महिन्यांचं भाडं आधीच गेलेलं, हातात पैसा नाही. पाच आठवडे तिने विजेच्या एका छोट्या शेगडीवर भात-वरण केलं आणि बाळांच्या बाटल्या न्हाणीघरातल्या बेसिनमध्ये धुतल्या.

जुळ्यांची आई असाल तर पुढचं लगेच कळेल. दोन मुलं, भाजीची पिशवी आणि तीन मजले. एकाला वर सोडून दुसऱ्याला आणायला खाली यायचं कसं? शेवटी एकाला ओढणीने पाठीशी बांधायचं, दुसरीला कडेवर घ्यायचं आणि पिशवी संध्याकाळपर्यंत खालीच ठेवायची.

पोरांचं घड्याळ अजून गावचंच होतं. उन्हाळी वेळेला जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. आपले सकाळचे सहा म्हणजे तिकडचे रात्रीचे अडीच. अडीचला दोघंही टक्क जागी, घरभर पळायची. तिकडे रात्री दहानंतर आणि रविवारी पूर्ण दिवस शांतता पाळायची असते. आठव्या दिवशी दारावर चिठ्ठी लागली. लेकीने जाण्याआधी पुण्यात जर्मनची पहिली परीक्षा, ए-वन, दिली होती, तेवढ्यावर तिला ती लागली. खालच्या मजल्यावरच्या आजींची तक्रार होती. घर जातंय की काय म्हणून तिची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी दोन्ही पोरांना घेऊन ती खाली गेली, मोडक्यातोडक्या भाषेत माफी मागितली. आजींनी हातानेच खूण केली, खाली जाड काहीतरी अंथर. मग आमच्या गोधड्या जमिनीवर गेल्या. ताईंनी हे बैठकीत स्वतःच सांगितलं, आम्ही काही बोललो नाही.

कागदांचं मात्र नीट ऐका, कारण इथे आपणही कमी पडलो. घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करावी लागते, बाकीचं बरंचसं त्यानंतर. मुलांसाठी सरकारी पैसे मिळतात, २०२५ मध्ये दर मुलामागे महिन्याला २५५ युरो, पण अर्ज करून ते हातात यायला वेळ गेला. आणि पाळणाघरात घालायचं तर गोवराची लस झाल्याचा पुरावा लागतो, तसा कायदाच आहे. लेकीकडे आपलं लसीकरण कार्ड होतं. मराठीत, पेनने लिहिलेलं, एक तारीख पाण्याने पुसलेली. डॉक्टरांनी ते उलटसुलट करून परत दिलं. आम्ही आशाताईंना गाठलं, उपकेंद्राच्या रजिस्टरमधून दोघांच्या तारखा काढल्या, वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून इंग्रजीत सहीशिक्क्याचं पत्र घेतलं. एका पत्राला बारा दिवस. जायच्या आधी अर्ध्या दिवसात झालं असतं.

नोव्हेंबरात तिकडे साडेचारलाच अंधार पडू लागला. जावई दुसऱ्या पाळीला. लेकीचे फोन कमी होत गेले. आम्ही काय केलं? सल्ले दिले. तेल लाव, बाहेर काढू नकोस, बाहेर काढ, दूध कमी कर, जायफळ दे. एकेक मावशी फोन घेऊन बोलायची. मग आठ दिवस तिने फोनच उचलला नाही. जावयांनी कळवलं, ती जेवत नाही, दिवसदिवस रडते, डॉक्टरांकडे नेलंय, औषध सुरू आहे.

डिसेंबरच्या बैठकीत ताईंनी कर्ज मागितलं, लेकीकडे जायला. आमच्यातल्याच काहींनी, त्यात समन्वयाचं काम करणारेही आलो, म्हटलं की फिरायला जायला गट कर्ज देत नाही. म्हटलं खरं, आणि अजून ते बोलणं टोचतं. नातवाच्या बारशाला दिलंय की आपण! तेव्हा स्वतः जुळी वाढवलेल्या एका म्हाताऱ्या सदस्य उठल्या आणि म्हणाल्या, मला दोघं झाली तेव्हा सासू, नणंद, शेजारीण, सहा हात होते, तरी मी विहिरीकडे बघायचे. पुढे कोणी काही बोललं नाही. आजारपणाच्या खात्याखाली कर्ज मंजूर झालं.

व्हिसा मिळतो तो १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा, आणि ३०,००० युरोचा आरोग्य विमा काढावाच लागतो. ताई मार्चमध्ये गेल्या, ८४ दिवस राहिल्या. आल्यावर आम्ही विचारलं, काय केलंत तिकडे? म्हणाल्या, काही नाही. सकाळी पोरं मी धरायचे, ती झोपायची. सल्ला एक दिला नाही, जिभेला गाठ मारली होती.

एप्रिलमध्ये दोघांना पाळणाघरात जागा मिळाली. वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला तिकडे जागेचा कायदेशीर हक्क आहे, तरी जागा पुरत नाहीत, आणि जुळ्यांना एकाच ठिकाणी मिळणं आणखी अवघड. सुरुवातीचे दिवस आई तिथेच बसते, मग पंधरा मिनिटं बाहेर, मग तासभर. मुलगी तिसऱ्या दिवशी रमली. मुलगा अजून दारापाशी रडतो, पण बहीण हात धरून आत नेते.

लेक आता भाषेच्या पुढच्या वर्गाला जाते. औषध चालू आहे. रविवारी फोन लावते तेव्हा ताई फोन भिंतीला टेकवून भाकरी थापतात आणि पोरं बघत बसतात. हप्ता ताई वेळेवर भरतात, अजून सात बाकी.

आपल्या तालुक्यातून आणखी दोन मुली यंदा लेकरांसह परदेशी निघाल्यात. त्यांच्या आयांना विनंती, येत्या बैठकीला मुलांची लसीकरण कार्डं आणि जन्मदाखले घेऊन या. आशाताईंना आम्ही बोलावलं आहे.