तापलेली जमीन आणि भिंतीवरची डबी



वैशाखाच्या उकाड्यात घर तापवण्याविषयी बोलणे हा थोडा आगाऊपणाच आहे. परंतु मुलांकडे जर्मनीत एखादा हिवाळा काढून आलेली मंडळी आज या सभेत असतील, आणि तिथल्या नव्या घरांतील उबदार जमिनीचे कौतुक त्यांनी परत आल्यावर शेजाऱ्यांना सांगितलेही असेल. त्या जमिनीखालच्या नळ्यांतून कोमट पाणी फिरत असते. ते तापवणारे यंत्र, म्हणजे हीट पंप, बहुधा घराबाहेर उभे असते. आणि खोलीखोलीत भिंतीवर एक पांढरी डबी असते, तिला थर्मोस्टॅट म्हणतात. खोली ठरल्या अंशापर्यंत तापली, की ही डबी त्या खोलीच्या नळीची झडप मिटवते. अशी डबी कामाची आहे का, एवढाच आजचा प्रश्न. प्रश्न लहान आहे खरा. पण त्या घरच्या विजेच्या बिलाशी त्याची गाठ आहे.

हीट पंप म्हणजे उलटा बसवलेला फ्रिजच. फ्रिज आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, हा बाहेरच्या गार हवेतली उचलून घरात आणतो. लॉर्ड केल्विन यांनी 1852 साली ही कल्पना मांडली, आणि झुरिकच्या नगरभवनात 1938 साली लिमाट नदीच्या पाण्यातून ऊब घेणारा पंप बसला. विहीर जितकी खोल, तितके मोटेच्या बैलांचे कष्ट अधिक. या पंपाचेही तसेच आहे. बाहेर 0 अंश असताना 35 अंशांचे पाणी हवे असेल, तर शास्त्राच्या हिशेबाने एका युनिट विजेत जवळजवळ नऊ युनिट उष्णता मिळावी. 55 अंशांचे पाणी मागितले, तर सहाच. प्रत्यक्षात याच्या निम्म्याच्या आसपास हाती लागते. तेव्हा पाणी जितके कोमट ठेवता येईल, तितकी वीज वाचते. सगळी मेख इथे आहे.

आता डबीकडे वळू. अमेरिकेतील वॉरन जॉन्सन या शिक्षकाने विद्युत थर्मोस्टॅटचे पेटंट 1883 साली घेतले. त्या काळी खोली तापवणारी वाफ कडक असे आणि शाळेतला शिपाई वर्गावर्गांत डोकावून ऊब पाहत असे. तिथे डबीने मोठीच सोय केली. पण कोमट जमिनीचा स्वभाव वेगळा आहे. नळ्यांवर काही सेंटिमीटर जाडीचा गिलावा असतो. तो तापायला तासच्या तास लागतात आणि निवायलाही तितकेच. डबी झडप मिटवते तेव्हा जमिनीत साठलेली ऊब वर येतच राहते. ती झडप उघडते तेव्हा खोली आधीच गारठलेली असते. सारथ्याने लगाम खेचावा आणि घोडा दोन मैलांवर जाऊन थांबावा, असा हा कारभार!

शिवाय ही जमीन स्वतःच पुष्कळसे नियमन करते. जमीन 24 अंश आणि खोली 21 अंश असेल, तर एका चौरस मीटरमधून सुमारे 30 वॅट ऊब निघते. ऊन आत येऊन खोली 23 अंशांवर गेली, की तीच ऊब सुमारे 9 वॅटवर उतरते. कोणी झडप मिटवावी लागत नाही. शेगडीच्या निखाऱ्याला हे जमत नाही.

उलट डब्यांनी चार खोल्यांच्या झडपा मिटवल्या, की पाण्याचा ओघ आटतो. पंपाची ऊब जाणार कुठे? तो बंद पडतो, थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतो, पुन्हा बंद पडतो, आणि त्याच्या कॉम्प्रेसरची झीज होते. उघड्या राहिलेल्या खोल्यांना सगळ्या घराचा भार पेलण्यासाठी पाणी अधिक गरम लागते; म्हणजे जी बचत करायला गेलो, तीच हातची गेली. न वापरलेल्या खोलीची ऊब बंद करणे हा काटकसरी गृहिणीचा विचार आहे आणि तेल किंवा गॅस जाळणाऱ्या घरात तो शोभतो. इथे मात्र तो बहुधा उलटतो.

जर्मन सरकारचे मत मात्र निराळे पडले. 2020 साली अमलात आलेल्या इमारत-ऊर्जा कायद्याने खोलीवार नियंत्रणाची अट घातली. सहा चौरस मीटरांहून लहान खोल्यांतील अशा जमिनीला तेवढी सूट दिली. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जुन्या घरांतली उधळपट्टी असावी, असे आम्हांस वाटते.

मग डबी निरुपयोगीच का? तसे आम्ही म्हणणार नाही. दक्षिणेकडे मोठ्या काचा असलेली खोली, किंवा लाकडाची शेगडी पेटते ती बैठक, यांना वरची मर्यादा हवीच. तिथे डबी हव्या त्या उबेपेक्षा दोन अंश वर लावून ठेवावी. बैठकीतल्या एकाच डबीने पंपाला घरची खबर द्यावी, हेही चांगले. बाकीच्या डब्या कडक थंडीच्या आठवड्यात पूर्ण उघडाव्यात. बाहेरच्या हवेप्रमाणे पाणी किती तापवायचे ते पंपाला सांगणारी एक रेषा असते. ती थोडीशी खाली आणावी आणि दोन दिवस कशालाही हात लावू नये. घर पुरेसे उबदार राहिले, तर आणखी थोडी खाली. एखादीच खोली गार पडली, तर रेषा वर न नेता त्या खोलीच्या नळीचा ओघ वाढवावा, आणि पुन्हा दोन दिवस थांबावे.