सातव्या क्रमांकाचा प्रश्न

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आपल्या वऱ्हाडात प्रश्न विचारायला एक खास शब्द आहे, 'काहून'. पुण्या-मुंबईचा माणूस 'का' म्हणतो. तो एका अक्षरात संपतो. 'काहून' म्हणणारा माणूस मात्र समोरच्याच्या तोंडाकडे बघत थांबतो. त्याला उत्तर हवं असतं. याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांचं कीर्तन हा एका अर्थानं प्रश्नांचाच तास असे. बाबा विचारायचे, समोरचे हजारो लोक उत्तर द्यायचे आणि देता देता स्वतःच विचारात पडायचे. प्रश्न कसा विचारावा आणि त्याचं उत्तर कसं काढून घ्यावं, हे या मातीला कोणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही.

आज मी बोलणार आहे तो दुसऱ्या प्रश्नोत्तराच्या तासाबद्दल. विधानसभेत आणि संसदेत होणाऱ्या, किंवा खरं सांगायचं तर पुष्कळदा न होणाऱ्या.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी थोरली बहीण, आमची आपा, अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यात दिलेली. गाव खारपाणपट्ट्यातलं. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात हा पट्टा पसरला आहे. तिथं जमिनीखालचं पाणी खारं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि मूत्रपिंडाच्या आजाराचा एखादा तरी रोगी गल्लीत निघतोच. त्या गावाला एका नळयोजनेचं गोडं पाणी मिळायचं. मधे पाइपलाइन फुटली ती आठ महिने तशीच राहिली. अर्ज झाले, निवेदनं झाली. शेवटी गावकऱ्यांनी एका आमदाराला गाठलं. त्या भल्या माणसानं नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठी तारांकित प्रश्न दिला आणि तो लागलाही. त्या दिवशीच्या यादीत आमचा प्रश्न सातवा होता.

गावातले पाच-सहा जण नागपूरला निघाले. निवेदनं मीच लिहून दिली होती म्हणून त्यांनी मलाही सोबत घेतलं. आमच्यात सत्तरीतले एक आबाजी होते. धुतलेलं धोतर, टोपी, पिशवीत भाकरी. एसटीत रात्रभर ते एकच विचारत होते, "शायरभाऊ, मंत्री उभा राहून बोलन ना जी?" मी म्हटलं, "हो आबाजी, उभं राहूनच बोलावं लागतं."

पास दाखवून आम्ही प्रेक्षक गॅलरीत जाऊन बसलो. तिथले नियम आम्हाला आधीच सांगितले होते. बोलायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, कागद फडकवायचे नाहीत. आबाजींना खोकल्याची उबळ आली तर रक्षकानं हळूच खांद्यावर हात ठेवला. त्यांनी उपरण्याचा बोळा तोंडात धरला.

खाली कामकाज सुरू झालं आणि चार-पाच मिनिटांत दोन्ही बाजू उभ्या राहिल्या. कशावरून, ते आज आठवतही नाही. काही सदस्य अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत उतरले. कागदाचे तुकडे उडाले. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ऐकूच आलं नाही. सभागृह दहा मिनिटांसाठी तहकूब झालं, मग अर्ध्या तासासाठी. प्रश्नोत्तराचा तास संपला तेव्हा दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्नही पुकारला गेला नव्हता.

संध्याकाळी आमदारांनी छापील उत्तर हातात दिलं. ज्यांनी ही उत्तरं वाचली आहेत त्यांना त्यांचा साचा ठाऊक असेल. योजनेची पाइपलाइन आठ महिन्यांपासून नादुरुस्त आहे, हे खरे आहे काय? उत्तर : हे अंशतः खरे आहे. असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली आहे? उत्तर : कार्यवाही सुरू आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तर : प्रश्न उद्भवत नाही.

मी मोठ्यानं वाचून दाखवलं. आबाजींनी शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "प्रश्न उद्भवत नाही? मंग माह्या घरी पानी काहून उद्भवत नाही?"

श्रोते हो, आबाजींचा हा जो दुसरा प्रश्न, त्यालाच सभागृहाच्या भाषेत उपप्रश्न किंवा पूरक प्रश्न म्हणतात. आपल्यापैकी अनेकांना वाटतं, गोंधळ झाला तरी काय बिघडलं? लेखी उत्तर मिळतंच की. पण लेखी उत्तर कार्यालयात तयार होतं, सावकाश, शब्द तोलून. मंत्र्याला उभं करून 'अंशतः म्हणजे किती?' हे विचारता येतं ते फक्त त्या तासात. गोंधळ झाला की लेखी उत्तर जगतं, उपप्रश्न मरतो. सगळी खोच उपप्रश्नात असते.

हा हक्क आपल्याला सुखासुखी मिळालेला नाही. १८९२ च्या कायद्यानं इंग्रजांच्या कौन्सिलात सदस्यांना प्रश्न विचारायची मुभा मिळाली, पण उपप्रश्नाची नाही. १९०९ च्या सुधारणांनी ज्याचा मूळ प्रश्न त्यालाच उपप्रश्न विचारता येऊ लागला. १९१९ च्या कायद्यानं तो हक्क सगळ्या सदस्यांना मिळाला. 'अंशतः म्हणजे किती' असं कोणत्याही सदस्यानं विचारावं, इथपर्यंत यायला सत्तावीस वर्षं लागली. आणि १८९३ साली भिनगाच्या राजांनी विचारलेला जो पहिला प्रश्न म्हणून सांगितला जातो, तो कशाबद्दल होता? सरकारी अधिकारी दौऱ्यावर आले की त्यांना सामान पुरवताना खेड्यातल्या दुकानदारांची जी ओढाताण व्हायची, तिच्याबद्दल. प्रश्नकर्ता राजा, पण प्रश्न खेड्यातल्या वाण्याचा.

स्वतंत्र भारतातही या तासानं मोठी कामं केली. १९५७ साली आयुर्विमा महामंडळाच्या पैशाबद्दल लोकसभेत प्रश्न निघाले, फिरोज गांधींनी ते लावून धरले, न्यायमूर्ती छागला यांची चौकशी बसली आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. हे काही बाकं वाजवून झालं नव्हतं. लोकसभेत एका दिवशी तोंडी उत्तरासाठी वीस प्रश्न लागतात. एक तास बुडाला की वीस जणांचं विचारणं बुडतं. २०२० च्या सप्टेंबरात कोरोनाचं कारण देऊन संसदेच्या अधिवेशनातून हा तासच वगळला, तेव्हा विरोधकांनी तक्रार केली आणि ती रास्त होती. पण जो तास आपण स्वतः ओरडून बुडवतो, त्याची तक्रार कोणाकडे करायची?

एक तुलना मला नेहमी टोचते. २००५ च्या डिसेंबरात पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल संसदेनं अकरा खासदारांना काढून टाकलं. त्यांत आपल्या महाराष्ट्रातलेही होते. प्रश्न विकला तर सदस्यत्व जातं. वीस प्रश्न पायदळी तुडवले तर टीव्हीवर छबी येते.

आता दुसरी बाजू. विरोधक म्हणतात, आमचं ऐकून घेत नाहीत म्हणून आम्ही ओरडतो. यात तथ्य नाही असं नाही. २०१७ च्या मार्चमध्ये शेतकऱ्यांच्या कर्जमाफीसाठी अर्थसंकल्पाच्या वेळी गोंधळ घातला म्हणून विधानसभेत एकोणीस आमदार निलंबित झाले. त्याच जूनमध्ये शेतकरी संपावर गेले आणि महिना संपायच्या आत कर्जमाफी जाहीर झाली. विषय खरा होता, हे सरकारनंच मान्य केल्यासारखं झालं. आत्महत्यांच्या बातम्यांनी ज्यांची सकाळ होते, त्या आम्हा वऱ्हाडकरांना सभागृहातला संताप कळतो. पण त्यातही एक गोम आहे. ज्या मंत्र्याकडे उत्तर नसतं, त्याला गोंधळासारखा सोयरा नाही. ओरडतो एक आणि सुटतो दुसरा.

मी कवी माणूस, मुशायऱ्यातलं उदाहरण देतो. एखादा शायर फिका पडला की पुढच्या रांगेतून हूटिंग सुरू होतं. ज्याला हूट करतात तो निर्ढावलेला असतो, तो आपली गझल संपवूनच बसतो. मार बसतो तो मागे पाळीची वाट बघणाऱ्या नवख्या पोराला. रात्र संपते, त्याचं नाव पुकारलंच जात नाही. आमचा सातवा प्रश्न त्या पोरासारखाच बसून राहिला होता.

आणि दोष फक्त आमदारांचाच आहे का? साठच्या दशकात जांबुवंतराव धोटे यांनी विधानसभेत अध्यक्षांच्या दिशेनं पेपरवेट भिरकावला. त्यांचं सदस्यत्व गेलं, आणि लोकांनी त्यांनाच पुन्हा निवडून दिलं. तो किस्सा आजही आपल्या पानठेल्यांवर रंगवून सांगितला जातो. मीही ऐकला आहे, दाद दिली आहे. पण त्या दिवशी सभागृहात नेमका कोणता प्रश्न होता, असं मी किस्सा सांगणाऱ्यांना विचारलं, तर सांगता आलं नाही. धोट्यांचं मोठेपण पेपरवेटात नव्हतंच. अकोल्याला कृषी विद्यापीठ व्हावं म्हणून १९६७ साली पेटलेल्या आंदोलनाचं नेतृत्व त्यांनी केलं, त्यात गोळीबार झाला, माणसं गेली, आणि १९६९ साली विद्यापीठ उभं राहिलं. ती लढाई रस्त्यावरची होती, मागणी सगळ्यांना पाठ होती. आपण मात्र लक्षात ठेवला पेपरवेट.

त्याच वऱ्हाडानं वेगळा नमुनाही दिला आहे. मी बी.ए. झालो त्याचा एक फायदा असा की, मला विधान परिषदेच्या अमरावती पदवीधर मतदारसंघात मत मिळालं. तिथून १९८० पासून जवळपास तीन दशकं प्रा. बी. टी. देशमुख निवडून जात होते. त्यांचं हत्यार म्हणजे नियमांचं पुस्तक आणि आकडे. विदर्भाच्या सिंचनाचा अनुशेष, दांडेकर समितीचा अहवाल, राज्यपालांचे निर्देश, हे रुक्ष विषय ते वर्षानुवर्षं चिवटपणे मांडत राहिले. आज 'अनुशेष' हा शब्द आपल्याकडच्या कास्तकारालाही ठाऊक आहे, त्यात त्यांचा मोठा वाटा. त्याच परिषदेच्या सभापतिपदी १९७८ पासून दर्यापूर तालुक्यातल्या दारापूरचे रा. सू. गवई बसले होते. दर्यापूर म्हणजे पुन्हा खारपाणपट्टाच. खाऱ्या पाण्याच्या गावचा माणूस शांतपणे सभागृह चालवू शकतो, हे आपण पाहिलं आहे.

शिक्षेनं हे सुधारेल का? २०२१ च्या जुलैत बारा आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केलं. त्यांत आपल्या मूर्तिजापूरचे आणि जळगाव जामोदचे आमदार होते. २०२२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं तो ठराव रद्द केला. अधिवेशनाच्या पलीकडे निलंबन टिकत नाही, कारण तेवढा काळ मतदारसंघ प्रतिनिधीवाचून राहतो. म्हणजे गोंधळ केला आमदारांनी आणि मुका झाला मूर्तिजापूरचा मतदार. २००९ साली हिंदीतून शपथ घेतली म्हणून एका सदस्याला सभागृहातच मारहाण झाली, चौघे निलंबित झाले. मी मराठीत लिहितो, मराठीतच स्वप्नं बघतो. त्या दिवशी माझ्या भाषेच्या नावानं उठलेला हात बघून मला लाज वाटली होती. २०२५ च्या जुलैत तर मुंबईच्या विधान भवनात दोन आमदारांच्या समर्थकांचीच हाणामारी झाली. निलंबनं झाली, माफ्या झाल्या, पण सवय गेली नाही.

आमच्याकडे लहान मुलांना एक गोष्ट सांगतात. खलिफा हजरत उमर मशिदीत बोलायला उभे राहिले. खालून एक माणूस उठला : वाटणीत प्रत्येकाला कापडाचा एकच तुकडा आला, तुमच्या अंगावर दोन कसे? आधी ते सांगा, मग ऐकू. खलिफांनी मुलाकडे बोट केलं. मुलगा म्हणाला, माझ्या वाट्याचा तुकडा मी वडिलांना दिला. तो माणूस म्हणाला, आता बोला, आम्ही ऐकतो. अब्बांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा मला खलिफांचं कौतुक वाटलं होतं. आता त्या विचारणाऱ्याचं जास्त वाटतं. त्यानं एक नेमका प्रश्न विचारला, उत्तर ऐकलं आणि तो खाली बसला.

आपापेक्षा आबाजींचं घर पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला होतं. दुरुस्ती पुढच्या उन्हाळ्यानंतर झाली, कोणाच्या उत्तरानं नव्हे, गावानं तालुक्याला धरणं धरलं तेव्हा. आबाजी आता नाहीत. पण त्या नागपूरवारीनंतर ते होते तोवर प्रत्येक निवडणुकीत एक गोष्ट करत. मत मागायला उमेदवार दारात आला की त्याला खाटेवर बसवायचे, पाण्याचा गिलास द्यायचे आणि विचारायचे, "पाच वर्षांत काय काय इचारलं तुमी तिथं? एक तरी सांगा."

बहुतेक जण हसायचे. एक जण मात्र पुढच्या वेळी कागद घेऊन आला होता. त्यावर त्यानं विचारलेल्या प्रश्नांची यादी होती. आबाजींना वाचता येत नव्हतं. त्यांनी ती आपाच्या मुलाकडून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून घेतली, उमेदवाराला बसवून ठेवून.