दिवा लपण्यासाठी, रंग दिसण्यासाठी



पक्ष बदलणाऱ्या पुढाऱ्याला आपण सरडा म्हणतो. पुढाऱ्याला ते लागत नाही. अन्याय होतो तो सरड्यावर. त्याच्या बाजूने मी आज एक साक्षीदार आणला आहे, आणि तो आहे मासा.

कोकणात मुशी म्हणजे लहान शार्क. तिच्याहूनही लहान शार्क कॅरिबियन समुद्रात, कोलंबिया-व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापलीकडे सापडतो. १९८५ साली स्प्रिंगर आणि बर्जेस यांनी त्याला एटमॉप्टेरस पेरी हे नाव दिले. लांबी जेमतेम वीतभर, वस्ती सुमारे तीनशे-चारशे मीटर खोल, आणि पोटाच्या कातडीत प्रकाश देणारे सूक्ष्म अवयव!

लपणाऱ्याने दिवा कशाला लावावा, असे आपण विचाराल. त्या खोलीवर वरून अगदी मंद उजेड झिरपतो. खालून पाहणाऱ्या शत्रूला त्या उजेडावर माशाची काळी आकृती दिसते. पोटही तितकेच उजळले, की आकृती पुसली जाते. नॉर्वेच्या खाड्यांत राहणाऱ्या याच्याच एका भाऊबंदात हे तपासलेले आहे. तेथे संप्रेरके रंगद्रव्याचे झाकण बाजूला सारून दिवा उघडतात. दिव्याखाली अंधार ही आपली म्हण. या माशाने दिव्यालाच अंधाराचे काम लावले आहे.

आता आरोपीकडे वळू. आपल्या कुंपणावरचा सरडा निराळा. मी बोलतो आहे तो मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन. स्वस्थ असताना नर हिरवा असतो आणि पानांत मिसळून जातो. पण प्रतिस्पर्धी किंवा मादी समोर आली, की तो पिवळा, नारिंगी, लाल होतो. २०१५ साली जिनिव्हाच्या संशोधकांनी याचे मर्म दाखवले. त्याच्या कातडीत ग्वानीनचे अतिसूक्ष्म स्फटिक ओळीने रचलेले असतात. तो क्षुब्ध झाला, की त्यांच्यातले अंतर वाढते आणि परावर्तित होणारा प्रकाश निळ्याकडून तांबड्याकडे सरकतो. म्हणजे रंग बदलतो त्या घटकेला तो लपत नाही. उलट आडोसा सोडून आपल्या मनातले जाहीर करतो!

तेव्हा उजळलेला तो प्रामाणिक आणि रंग बदलणारा तो लबाड, हा हिशेब निसर्गाला मान्य नाही. दिवा कोणासाठी लावला, रंग कोणाला दाखवला, हे आधी विचारावे लागते. माणसांच्या बाबतीतही हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. पुढाऱ्याला नाव ठेवायचेच असेल, तर सरड्याला मोकळे सोडा. उजेडात राहून न दिसणारा तो शार्क अधिक शोभेल!