मुभांची बेरीज



‘टॉलरन्स’ म्हणजे सहिष्णुता, असे आपण शाळेत शिकलो. कारखान्यात त्याचा अर्थ फार व्यवहारी आहे. 40 मिलिमीटर जाडीचा तुकडा कोणत्याही यंत्रावर तंतोतंत 40 उतरत नाही. म्हणून ड्रॉइंगवरच लिहितात की, एक दशांश कमी किंवा जास्त चालेल. कारागिराला दिलेल्या या मोकळिकीला मी मुभा म्हणेन. एक मुभा निरुपद्रवी असते. चार एकत्र आल्या म्हणजे काय होते, ते पाहायचे आहे.

आपल्या गिरणाकाठची मृगबाग घ्या. पाच फुटांची काठी एकापुढे एक टाकीत केळीच्या 100 खुणा केल्या. काठीच अर्धा इंच आखूड असेल, तर शेवटच्या खुणेपाशी चूक 50 इंचांची, म्हणजे चार फुटांवर गेली! आता समजा, काठी बरोबर आहे, पण हात कधी अर्धा इंच पुढे पडतो, कधी मागे. तेव्हा चुका एकमेकींना पुष्कळशा खाऊन टाकतात. अशी चूक शंभरपट वाढत नाही, शंभराच्या वर्गमुळाइतकी म्हणजे साधारण दहापट वाढते, असे गणित सांगते. ती झाली पाच इंच. आणि बांधापासून एकच फीत ताणून सगळ्या खुणा केल्या तर? मग प्रत्येक खुणेला तिची स्वतःची चूक तेवढी राहते, शेजारणीची तिच्या माथी येत नाही. जाणता आरेखक मापे एकाच बाजूपासून देतो, ती याच कारणाने.

आमच्या गावच्या सुतार-लोहारांना ही बेरीज कधी करावी लागली नाही. तुंबा, आरे, पुठ्ठे जोडून चाक तयार झाले, की त्याचा घेर मोजायचा आणि त्या घेराला धाव कापायची. आधीच्या सगळ्या चुका शेवटच्या तुकड्याने पोटात घालायच्या. युक्ती उत्तम, पण ती धाव त्या एकाच चाकाची.

कारखान्याला हे परवडत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली लोखंडी नांगर केला आणि 1910 साली किर्लोस्करवाडी वसवली. अशा मालाचा शेतकऱ्याला खरा उपयोग केव्हा? झिजलेला भाग टाकून दुकानातून आणलेला नवा भाग कानस न लावता बसला तर! ही सोय हवी, तर ‘शेवटी जुळवून घेऊ’ हा हक्क सोडावा लागतो. मग बेरीज लोखंड कापण्याच्या आधी, कागदावरच करावी लागते.

पंपाचे उदाहरण घेऊ. रचना सोपी करून सांगतो, आकडेही समजुतीपुरते आहेत. ओतीव घराची आतली खोली 80 मि.मी., मुभा 0.20. आत बेअरिंग 20 चे, मुभा 0.05, कॉलर 15 ची, मुभा 0.10; पंखा 44 चा, मुभा 0.15. तिन्ही मिळून 79. फट उरली 1 मि.मी. ती 0.6 च्या खाली गेली तर पंखा घासेल, 1.4 च्या वर गेली तर पाणी आतल्या आत मागे फिरेल, वीज जळेल आणि पाटात धार बारीक पडेल. मुभांची सरळ बेरीज 0.50. म्हणजे फट 0.5 ते 1.5 यांत कुठेही असू शकते. प्रत्येक तुकडा तपासणीत पास, आणि पंप मात्र नापास!

वर्गमुळाची रीत लावली, तर तीच बेरीज 0.27 येते आणि पंप सुखरूप ठरतो. मग खरे काय मानायचे? कारखानदाराला दुसरे उत्तर गोड लागते, कारण सैल मुभेचा माल स्वस्त पडतो. परंतु त्यात एक गृहीत आहे, की चुका दोन्ही बाजूंना सारख्या पडतात. कापणारे हत्यार बोथट होत गेले, की ते धातू थोडा कमी काढते. मग पंखा जाड उतरतो आणि घराची खोलीही कमी भरते. दोन्ही चुका फटच खातात. ती आखूड काठी झाली, तिला वर्गमूळ लागू नाही. हजारो तुकड्यांच्या मापांच्या नोंदी समोर असतील, तरच मी दुसरी रीत मान्य करीन. जिवाशी गाठ असेल तेथे सरळ बेरीजच धरीन. कारण वैशाखात केळीला पाणी थांबले, तर त्याचा भुर्दंड हिशेब करणाऱ्याला पडत नाही.

उन्हाचेही ध्यानात असू द्या. मापे 20 अंश उष्णतेची धरतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो. तेवढ्यात एक मीटर पोलादी दांडा 0.3 मि.मी. वाढतो, तर सहा मीटरचा पीव्हीसी पाइप सुमारे एक सेंटिमीटर. घर आणि आतले भाग एकाच धातूचे असले तर एकत्रच वाढतात, फट फारशी बदलत नाही. धातू निराळे असले, म्हणजे बेरजेत आणखी एक रकाना आला.

सगळ्याच मुभा आवळल्या, तर पंपाची किंमत शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर जाईल. म्हणून पुष्कळ ठिकाणी तडजोड करतात: जोडणीच्या वेळी फट मोजून तेवढ्या जाडीची पातळ चकती घालतात. सुताराची धावच ती, थोडी आकसून परत आली! मात्र ती चकती त्या एका पंपाची असते. मिस्त्रीने पंप उघडताना चकत्या किती, कोणत्या बाजूला आणि केवढ्या जाडीच्या, हे आधी लिहून ठेवावे. आणि पंखा नवा घातला, तर जुन्या चकतीवर विसंबू नये. फट पुन्हा मोजावी.