सागर हीच ज्यांची समाधी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गतवर्षी चिरंजीवांकडे अमेरिकेस गेलो असता सॅन फ्रॅन्सिस्कोच्या धक्क्यावरील ‘जेरेमाया ओब्रायन’ ही बोट पाहण्याचा योग आला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बांधलेल्या २,७१० ‘लिबर्टी’ मालवाहू बोटींपैकी ही एक होय. सन १९४३ मध्ये ती पाण्यात उतरली. पुढील वर्षी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैनिक व रसद पोहोचविण्यासाठी तिने ११ फेऱ्या केल्या. आता ती संग्रहालय म्हणून जतन केलेली असून, तिचे वाफेचे इंजिन अद्यापि चालते. १९९४ साली वयोवृद्ध खलाशांनी ती पुन्हा नॉर्मंडीस नेली होती!

इंजिनखान्याचा जिना उतरताना माझे पाऊल अडखळले. माझे थोरले काका ब्रिटिश कंपनीच्या एका बोटीवर आगवाले होते. १९४२ साली ती बोट टॉर्पेडोने बुडाली. भट्टीजवळच्या माणसांना वर येण्यास अवधी तो कितीसा मिळणार? मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. परंतु आजी अखेरपर्यंत दाराकडे पाहत बसे, हे मी पाहिले आहे.

अशा दर्यावर्दींना मान मिळण्यास फार विलंब लागला. बोट बुडाली की त्याच दिवसापासून खलाशाचा पगार बंद, अशी ब्रिटिश जहाजांवर रीत होती. ती १९४१ साली मोडली. अमेरिकेतील व्यापारी खलाशांना माजी सैनिकांचा दर्जा मिळाला तो थेट १९८८ साली.

आपल्या मुंबईतही मशीद बंदराजवळ, इंडियन सेलर्स होममध्ये, अशांचे स्मारक आहे. त्या युद्धात समुद्रात नाहीशा झालेल्या आरमारी व व्यापारी जहाजांवरील सहा हजारांहून अधिक जणांची नावे तेथील नामपुस्तकात आहेत. परत आल्यावर मी तेथे गेलो. काकांच्या नावावर बोट ठेवले, आणि आजीची आठवण होऊन डोळे भरून आले.

बंधुभगिनींनो, बोट जतन करणे आपल्या आवाक्यातील नव्हे. नावे जतन करणे खचित आहे. ज्यांच्या घरी अशा खलाशाचे नोकरीचे पुस्तक, पत्र वा छायाचित्र असेल, त्यांनी त्याचे नाव, गाव, बोट व साल लिहून मंडळाकडे द्यावे. पुढील स्मरणिकेतील एक पान त्यांच्यासाठी राखावे, एवढीच माझी नम्र विनंती आहे.