चित्राखालची ओळ

(अकादमीच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



मी साहित्यिक नाही. इंदूरच्या एका शाळेत एकतीस वर्षे भूगोल शिकवला आणि सुट्ट्यांमध्ये कॅमेरा गळ्यात अडकवून कान्हा, पेंच, सातपुडा या जंगलांत हिंडलो. सभागृहाबाहेरच्या प्रदर्शनात माझे एक छायाचित्र लावले आहे. केनियातल्या मसाई मारातली चित्त्याची मादी गवतात उठून बसली आहे आणि सरळ तुमच्याकडे बघते आहे. आत येताना आपल्यापैकी बऱ्याच जणांनी त्याचे कौतुक केले. खाली मीच लिहून दिलेली ओळ आहे, ‘शिकारीपूर्वीची एकाग्रता’. मला आज त्या ओळीविषयी बोलायचे आहे. चित्र खरे आहे, ओळ खोटी आहे.

आफ्रिका मी आयुष्यभर फळ्यावर काढत आलो होतो. सव्हाना म्हणजे उंच गवत, तुरळक झाडे, उष्ण हवा, हे मुलांकडून पाठ करून घेतले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये प्रत्यक्ष जायची वेळ आली तेव्हा त्या ‘उष्ण’वर भरवसा ठेवून सगळे सुती शर्ट भरले. मारा विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम दीड अंशावर आहे खरे, पण समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच. पहिल्या पहाटे उघड्या छताच्या गाडीत दात वाजू लागले तेव्हा उंचीचा धडा आठवला. तोही मीच शिकवलेला.

बाकी तयारी चोख होती. पीतज्वराची लस घेतली. केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांना २०१७ पासून बंदी आहे हे निघायच्या आदल्या रात्री वाचले, म्हणून घरच्यांनी इंदुरी शेव आणि चिवडा स्टीलच्या डब्यांत भरून दिला. लांब पल्ल्याची लेन्स गाडीच्या कडेवर टेकवायला शिंप्याकडून जाड कापडाची पिशवी शिवून घेतली होती. ती रिकामीच नेली आणि नैरोबीत पाच किलो राजमा घेऊन भरली.

त्या राजम्याच्या खरेदीतच मला पहिला आनंद झाला, आणि तो कानांचा होता. दुकानाला स्वाहिली भाषेत ‘दुका’ म्हणतात, मोटारीला ‘गारी’, रंगाला ‘रंगी’, औषधाला ‘दावा’, बातमीला ‘हबारी’. विम्याला ‘बिमा’, जसे आपल्या इंदुरी मराठीत अजूनही काही जण ‘बीमा’च म्हणतात. ‘सफारी’ हा शब्दही स्वाहिलीच. अर्थ फक्त प्रवास. अरबीतून तो तिकडे गेला आणि त्याच घराण्यातली ‘सफर’ फारसीच्या वाटेने आपल्याकडे आली. मोसमी वाऱ्यांवर शिडाची गलबते ये-जा करत, हे मी वर्गात बाणांनी दाखवत असे. त्या बाणांवरून शब्दही जात-येत होते हे त्या दुकानात कळले.

जंगलात मात्र मी गोंधळलो. कान्ह्यात आपण आधी ऐकतो. चितळ ओरडले, वानराने खकारा दिला की गाडी थांबवायची. सालाच्या झाडांआड वाघ असतो, बहुधा दिसत नाही, आणि न दिसण्याची आपल्याला सवय असते. मारात सगळेच दिसते. क्षितिजापर्यंत गवत आणि त्यावर नू नावाच्या हरणवर्गीय प्राण्यांचे काळे ठिपके. दरवर्षी सेरेंगेटीतून या नूंचे मोठमोठे कळप मारात येतात. कुठे बघावे हेच डोळ्याला कळेना. पहिल्या दिवशी मी अकराशे छायाचित्रे काढली. रात्री पाहिली तर ती अकराशे वेळा घाई केल्याची नोंद होती. दुसऱ्या दिवशी मारा नदीच्या काठी चार तास थांबलो. कळप पाण्यापर्यंत आला, पुढचे नू वाकले, हुंगले आणि सगळे माघारी फिरले. ‘पोले पोले,’ आमचा चालक म्हणाला. म्हणजे हळूहळू, सबुरीने.

हा चालक मसाई होता. त्याचे नाव मी इथे सांगत नाही, कारण पुढे जे घडले त्यात दोष माझा आहे. इंग्रजीत आमच्या गप्पा चालत. चित्त्याला स्वाहिलीत ‘दुमा’ आणि बिबट्याला ‘चुई’ म्हणतात हे त्याने सांगितले. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, ‘‘इंग्रजीतला चीता हा शब्द आमचा आहे. हिंदीतून गेला. त्याचं मूळ संस्कृत, अंगावर चित्रं असलेला तो.’’ तो मनापासून खूश झाला. मग त्याने विचारले, ‘‘तुमच्याकडे किती आहेत?’’

मी काय सांगणार? कोल्हापूरसारख्या संस्थानांत काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळत. आपल्याकडचे कमी झाले तेव्हा आफ्रिकेतून मागवू लागले. १९४७ च्या सुमारास कोरिया संस्थानात शेवटचे तीन मारले गेले आणि १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे सरकारने जाहीर केले. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते आमच्या मध्य प्रदेशातल्या कुनोत आणले. त्यांतले काही तोवर दगावलेही होते. हे सगळे सांगितल्यावर तो म्हणाला, ‘‘म्हणजे नाव तुमचं आणि जनावर इकडचं.’’ त्यात टोमणा नव्हता. त्याने फक्त हिशेब मांडला होता.

आणि नाव तरी आपण नीट सांभाळले का? मराठीत कित्येक जण बिबट्यालाच चित्ता म्हणतात. मीही लहानपणी म्हणत असे. बिबट्याच्या अंगावर पाकळ्यांसारखी वर्तुळे असतात, चित्त्याच्या अंगावर भरीव ठिपके आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत उतरलेल्या दोन काळ्या रेघा. बिबट्या झाडावर भक्ष्य ओढून नेतो. चित्ता डरकाळी फोडत नाही, पाखरासारखा चिवचिवतो. प्राणी समोर नसला की नाव दुसऱ्याच्या अंगावर जाऊन बसते.

चौथ्या दिवशी सकाळी ती मादी दिसली. बरोबर तीन पिल्ले. समोर दीडशे-दोनशे मीटरवर हरणांचा लहानसा कळप. बिनतारी यंत्रावरून आमच्या चालकाला कळले होते की आदल्या दिवशीची तिची शिकार तरसांनी पळवली. चित्ता अंगाने हलका, वेगासाठीच घडलेला. तरस किंवा सिंह आले तर भांडत बसत नाही, सोडून देतो. ती पोट टेकून, मान खाली घालून सरकत होती. पिल्ले मागे गवतात गप्प.

नियम असा आहे की शिकारी प्राण्याभोवती एका वेळी पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत, आणि पंचवीस मीटरच्या आत जायचे नाही. मी गाड्या मोजल्या, चौदा होत्या. आमची पंधरावी. चालक म्हणाला, ‘‘आपण मागे थांबू. ती धावली तर दिसेलच.’’ पण सूर्य तिच्या पाठीमागे होता. माझ्या चौकटीत ती काळी पडत होती. मी म्हणालो, ‘‘थोडं पुढे घ्या, नुसतं वळणापर्यंत.’’ तो गप्प राहिला. मग मी बक्षिसाची गोष्ट काढली. मित्रहो, हे वाक्य इथे उभे राहून सांगणे सोपे नाही. त्याचे घर त्या बक्षिसावर बरेचसे चालते हे मला ठाऊक होते.

त्याने गाडी पुढे घेतली. आम्ही ती आणि हरणे यांच्या मधोमध आलो. हरणांनी माना वर केल्या, शेपट्या थरथरल्या आणि कळप उधळला. ती उठून बसली आणि आमच्याकडे पाहिले. उजेड आता अगदी हवा तसा होता. एका सेकंदाचा दोन हजारावा भाग. तेच ते छायाचित्र.

मग ती पिल्लांकडे गेली आणि चौघेही गवतात दिसेनासे झाले. परतताना चालक एक शब्दही बोलला नाही. पुढे मी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाविषयी वाचले. मारात पर्यटकांची वर्दळ जास्त असलेल्या भागांत चित्त्याच्या माद्यांची फारच थोडी पिल्ले मोठी होतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. आमच्या त्या तिघांचे काय झाले ते मला माहीत नाही. निघताना पिशवीतला राजमा छावणीच्या स्वयंपाकघरात दिला. बक्षीस कबूल केल्यापेक्षा जास्त दिले. त्याने ते घेतले आणि नमस्कार केला. फिटले असे मला वाटले नाही.

इंदूरला आल्यावर छायाचित्राचे कौतुक झाले. प्रदर्शनासाठी ओळ मागितली तेव्हा मी सहज ‘शिकारीपूर्वीची एकाग्रता’ असे लिहून दिले. वर्षभर ती ओळ चित्रासोबत फिरली. मग माझा एक जुना विद्यार्थी चित्रापुढे उभा राहून म्हणाला, ‘‘सर, मग शिकार झाली का?’’

मी म्हणालो, ‘‘झाली असेल.’’

‘पूर्वी’ म्हटले की ‘नंतर’ आलेच. त्या एका प्रत्ययासारख्या शब्दाने मी वाचणाऱ्याला जे आश्वासन दिले ते खरे नव्हते. ‘एकाग्रता’ तर त्याहून वाईट. ती नजर भक्ष्यावर नव्हती, माझ्यावर होती. कॅमेऱ्याने जे टिपले त्यात काहीच खोटे नाही. पण चौकटीबाहेर पंधरा गाड्या होत्या आणि त्यांना आत आणण्याचे काम फक्त शब्दच करू शकत होते. मी शब्दांना ते काम दिले नाही. उलट त्यांच्याकडून झाकपाक करून घेतली.

आपण सगळे इथे लिहिणारे, शिकवणारे, शिकणारे आहात. प्रवासाचे वर्णन, मुलांच्या पुस्तकातला धडा, वर्तमानपत्रातल्या चित्राखालची ओळ, हे सगळे न गेलेल्या माणसासाठी असते. त्याला पडताळून बघता येत नाही, तो आपल्या शब्दावर विसंबतो. मीही एकतीस वर्षे न पाहिलेली आफ्रिका मुलांना दिली. त्या वेळी चूक झाली तर अज्ञानाने होत असे. ही चूक पाहून आल्यावरची आहे.

भाषण सुरू व्हायच्या आधी मी संयोजकांना एक नवी चिठ्ठी दिली. आपण इथे बसलो आहोत तोवर ती चित्राखाली लागली असेल. तिच्यावर लिहिले आहे: ‘चित्त्याची मादी, मसाई मारा, ऑगस्ट २०२३. छायाचित्रकाराची गाडी आडवी आल्याने शिकार हुकली, त्यानंतर.’

जाताना पुन्हा एकदा बघून जा.